अभ्यासासाठी नसलेला कॉम्प्युटर

गेमिंग पीसी जुळवायला घेणारे बहुतेक लोक ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात. परवडेल ते सगळ्यात मोठं कार्ड, त्याला शोभेल असा प्रोसेसर, प्रोसेसरला चालेल असा मदरबोर्ड, मग रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि अगदी शेवटी, उरलेल्या पैशांत बसेल तो मॉनिटर. मला हा क्रम पटत नाही. मॉनिटर आधी ठरवावा. एक तर बाकीचे सगळे भाग कॅबिनेटच्या आत बंद असतात. रोज डोळ्यांसमोर असतो तो मॉनिटरच. दुसरं म्हणजे आतल्या भागांवर किती ओझं पडणार, हे तोच ठरवतो.

हिशेब सोपा आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पी पडद्यावर ३६.९ लाख. फोर-के पडद्यावर ८२.९ लाख. हे सगळे ठिपके ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने रंगवावे लागतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी कार्डाच्या हातात १६.७ मिलिसेकंद असतात. १२० हव्या असतील तर ८.३. म्हणजे १४४०पी सोडून फोर-के घेतला की वेळ तेवढाच राहतो आणि ठिपके सव्वादोन पट होतात. आजकाल कार्डं कमी ठिपक्यांचं चित्र काढून ते हुशारीने मोठं करतात, त्यामुळे हा भार थोडा हलका होतो, पण नाहीसा होत नाही. मॉनिटर बदलला की कार्ड बदलतं, कार्ड बदललं की एसएमपीएस बदलतो, आणि बिल तीस-चाळीस हजारांनी सहज पुढे सरकतं.

पण मॉनिटर ठरवायचा तर त्याच्याही आधी एक प्रश्न येतो. हा कॉम्प्युटर कशासाठी?

प्रश्न बावळट वाटेल. गेमिंग पीसी आणखी कशासाठी असणार? पण मी त्रेचाळीस वर्षांची बाई आहे, बँकेत नोकरी करते, डोंबिवलीत राहते. २०२४च्या पावसाळ्यात मी स्वतःसाठी असा पीसी घ्यायचं ठरवलं, तेव्हा हा प्रश्न मला घरात, ऑफिसात आणि दुकानात प्रत्येकाने विचारला. भागांची नावं पाठ व्हायला मला दोन आठवडे लागले. या प्रश्नाचं सरळ उत्तर मोठ्याने द्यायला त्याहून जास्त वेळ लागला.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर १९९९ साली आला. दादा इंजिनिअरिंगला होता आणि बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क आणि पंधरा इंची डबा मॉनिटर. त्याच्यावर आईने क्रोशाचं कव्हर विणलं होतं. कॉम्प्युटर अभ्यासासाठी होता. हे वाक्य त्या काळी इतक्या घरांत इतक्या वेळा बोललं गेलं आहे, की मराठी मध्यमवर्गाने संगणकक्रांतीला दिलेलं ते घोषवाक्यच म्हणायला हवं. 'अभ्यासासाठी' म्हटलं की कर्ज पटायचं, आजी गप्प व्हायची आणि शेजारी मान डोलवायचे.

अर्थात त्यावर खेळलंच जायचं. दादा 'हाफ-लाइफ' खेळायचा. तो बाहेर गेला की मी खेळायचे. पण मदरबोर्डावरच्या साध्या ग्राफिक्सवर तो गेम रखडत चालायचा. पडदा टपालाच्या तिकिटाएवढा करून घेतला की जरा पळायचा. दादाने एकदा बाबांकडे ग्राफिक्स कार्डाचा विषय काढला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हे कार्ड अभ्यासाला लागतं का?" दादाकडे उत्तर नव्हतं. कार्ड आलं नाही.

बाबांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कर्जाचा हप्ता त्यांच्या पगारातून जायचा. पण त्या प्रसंगातलं एक सत्य मला पीसीचे भाग निवडताना नव्याने कळलं. आपण घरात जे कारण सांगतो ते फक्त बोलण्यापुरतं राहत नाही, ते यंत्रात उतरतं. 'अभ्यासासाठी' हे कारण सांगून घेतलेल्या यंत्रात अभ्यासाला लागणारेच भाग बसतात. मग त्यावर खेळणारा आयुष्यभर तिकिटाएवढ्या पडद्यावर खेळतो.

माझ्या बाबतीत पहिलं कारण नवऱ्याने पुरवलं. तो चांगला माणूस आहे, आणि मदतच करत होता. "आईला सांग, ऑफिसच्या कामाला होईल. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतेसच की." दुसरं कारण शेजारणीने पुरवलं: मुलगा नववीत आहे, पुढे कोडिंग वगैरे शिकेल. तिसरं ऑफिसातल्या मैत्रिणीने: व्हिडिओ एडिटिंग शिक, रेसिपीचं चॅनल काढ. तिन्ही कारणं ऐकायला बरी होती. एका रविवारी मी कागद घेऊन बसले आणि प्रत्येक कारणाला कोणते भाग लागतील ते लिहून काढलं.

ऑफिससाठी म्हटलं तर दिवसभर एक्सेलचे बारीक आकडे वाचायचे. त्याला २७ इंची, फोर-के, आयपीएस पॅनेल. इंचाला १६३ ठिपके, अक्षरं छापल्यासारखी दिसतात. ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. मुलाच्या कोडिंगसाठी म्हटलं तर मधल्या किमतीचा लॅपटॉप पुरे. व्हिडिओसाठी म्हटलं तर जास्त कोअरचा प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, रंग अचूक दाखवणारा मॉनिटर. तीन कारणं, तीन वेगळी यंत्रं. आणि मला हवं होतं ते यंत्र या तिन्हींत कुठेच नव्हतं.

मग चौथ्या रकान्यात खरं लिहिलं. मी रात्री दहानंतर खेळते. स्वयंपाकघर आवरलेलं असतं, बाकीचे झोपलेले असतात, हॉलमधला दिवा बंद असतो. दीड तास, फार तर दोन. मला गोळीबाराच्या स्पर्धा आवडत नाहीत. सेकंदाच्या शंभराव्या भागात कोण आधी वळलं याच्याशी मला देणंघेणं नाही. मला गोष्ट असलेले, मोठ्या प्रदेशात भटकायला देणारे गेम आवडतात. 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये कंदील घेऊन दलदलीतून घोडा चालवणं. 'सायबरपंक २०७७'मध्ये पावसात भिजलेल्या रस्त्यावर निऑनची प्रतिबिंबं बघत नुसतं चालणं. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये तासभर संवाद वाचत बसणं.

हे लिहिल्यावर मॉनिटर जवळजवळ आपोआप ठरला. अंधाऱ्या खोलीत अंधारे गेम खेळणाऱ्याला सगळ्यात आधी काळा रंग काळा दिसायला हवा. आयपीएस पॅनेलच्या मागे सतत दिवा जळत असतो, आणि पुढचा थर तो अडवतो. अडवून अडवून साधारण हजारास एक. दिवसाच्या उजेडात हे कळतही नाही. रात्री दिवा बंद केला की काळ्या आभाळाच्या जागी राखाडी धुकं दिसतं आणि कोपऱ्यांत फिकट उजेड झिरपतो. व्हीए पॅनेल काळं बरंच चांगलं दाखवतं, पण त्यातल्या स्वस्त पडद्यांवर अंधारात हलणाऱ्या वस्तूंमागे शाईसारखा ओघळ राहतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो. काळं दाखवायचं म्हणजे तो दिवा विझवायचा. त्यापेक्षा काळं काही असू शकत नाही.

ओलेडचे तोटेही त्याच कागदावर लिहिले. एकच स्थिर चित्र महिनोन्‌महिने तासन्‌तास ठेवलं तर त्याचा डाग पडू शकतो. दिवसभर उघडं राहणारं एक्सेल, खाली कायम दिसणारी टास्कबारची पट्टी, हे त्याचे शत्रू. ठिपक्यांची रचना वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झाक दिसते. उजेडाच्या खोलीत त्याच्या काळेपणाचा फायदा निम्मा होतो. आणि किंमत: चांगला १४४०पी आयपीएस पंचवीस हजारांत मिळत होता, ओलेड सत्तर हजारांच्या पुढे.

म्हणजे ऑफिसच्या कामासाठी ओलेड हा वाईट पर्याय होता, आणि माझ्या रात्रीच्या दोन तासांसाठी सगळ्यात चांगला. दोन्ही कारणं एका पडद्यावर बसत नव्हती. 'ऑफिससाठी' असं सांगितलं असतं तर मला आयपीएस घ्यावा लागला असता, आणि मी रोज रात्री राखाडी आभाळ बघत बसले असते. बँकेने दिलेला लॅपटॉप ऑफिसच्या कामाला पुरतो. तो तसाच राहू दे, असं ठरवलं.

आकार २७ इंच, कारण आमचं टेबल दोन फूट खोल आहे. एवढ्या जवळून ३२ इंची पडदा बघायचा तर मान फिरवावी लागते. २७ इंचावर १४४०पी म्हणजे इंचाला १०९ ठिपके. चाळिशीचा चष्मा लावून अडीच फुटांवरून खेळताना मला तेवढे पुरतात. आमच्या इमारतीतल्या कॉलेजच्या मुलाकडे फोर-के होता, तो जाऊन पाहिला. हलत्या चित्रात मला मोठा फरक दिसला नाही. कदाचित त्याला दिसत असेल. पण मॉनिटर माझ्या डोळ्यांसाठी होता.

इथून पुढचे भाग पायऱ्या उतरल्यासारखे ठरत गेले. १४४०पीला, प्रकाशाचे सगळे चोचले चालू ठेवून, सेकंदाला ७०-८० फ्रेम मिळाल्या की माझं समाधान होतं. त्यासाठी आरटीएक्स ४०७० टीआय सुपर निवडलं: १६ जीबी मेमरी, २८५ वॉट. बारा जीबीचं कार्ड स्वस्त होतं, पण नवे गेम मेमरी खातात आणि मी दर दोन वर्षांनी कार्ड बदलणारी नाही. आरटीएक्स ४०९०चा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगू. ४५० वॉटचं ते कार्ड माझ्या पडद्याला गरजेपेक्षा जास्त होतं. मे महिन्यात डोंबिवलीच्या हॉलमध्ये साडेचारशे वॉटची शेगडी पेटवून तिच्याजवळ बसायचं, ही कल्पनाच पुरेशी होती.

प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी. आठ कोअर आणि ९६ एमबीची मोठी कॅश. एरवी १४४०पीवर भार कार्डावरच असतो आणि याहून स्वस्त प्रोसेसर चालला असता. पण 'बाल्डर्स गेट ३'च्या तिसऱ्या भागातलं गजबजलेलं शहर प्रोसेसरला घाम फोडतं, आणि तिथे ही मोठी कॅश कामी येते. रॅम ३२ जीबी डीडीआर५, ६०००ची. दोन टीबीची एसएसडी. एसएमपीएस ८५० वॉटचा: कार्ड आणि प्रोसेसर मिळून चारशेच्या वर जातात, बाकीचे भाग धरून पाचशे, आणि कार्ड क्षणभरासाठी त्याहून जास्त ओढतं. शिवाय एसएमपीएस निम्म्या-पाऊण भारावर निवांत आणि शांत चालतो. माझा पीसी लोक झोपलेले असताना चालणार होता, त्यामुळे पंख्याचा आवाज हाही माझ्यासाठी मोजायचा भाग होता.

परदेशी लोकांच्या याद्यांत एक भाग नसतो, तो आपल्याकडे लागतो: यूपीएस. पावसाळ्यात लाइट जाते. साध्या पीसीसोबत मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना तो डोळे मिटून घेईल. मी मोठा घेतला, सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती पाच मिनिटं देणारा. तसंच त्यांची तापमानं वातानुकूलित खोलीत मोजलेली असतात. आपली खोली दहा अंशांनी गरम असेल तर आतले भागही साधारण तेवढेच गरम होतात. म्हणून कॅबिनेट समोर जाळी असलेलं घेतलं, काचेचं नाही. आणि जाळीमागे धुता येणारी धूळगाळणी.

खरेदीला एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत कोणी ते घेत नाही. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने आदराने विचारलं, "मॅडम, मुलगा कोणते गेम खेळतो?" दुसऱ्या दुकानातही जवळपास तेच. तिसऱ्या दुकानातले काका पन्नाशीचे होते. त्यांनी माझी यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "ओलेड? खोलीत उजेड किती असतो?" मी म्हटलं, "रात्रीच खेळते." ते म्हणाले, "मग बरोबर आहे." एवढाच संवाद. त्यांनी मला माझ्या खोलीबद्दल विचारलं, माझ्या मुलाबद्दल नाही, म्हणून मी तिथेच खरेदी केली. बिलावर नाव कोणाचं, हे त्यांनी विचारलं तेव्हा माझं सांगितलं. वॉरंटी बिलावर चालते.

सगळं मिळून दोन लाख साठ हजारांच्या आसपास गेले. मुदत संपलेल्या एका ठेवीचे ते पैसे होते, माझ्या पगारातून साठलेले. हे मी सांगते आहे, आणि सांगताना असंही वाटतं की का सांगते आहे? कोणी दोन लाखांची बाइक घेतली तर ठेव कोणाची होती असं आपण विचारत नाही. बाईने खेळण्यासाठी खर्च केला की तिला आधी पासबुक दाखवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ती न विचारताच दाखवते.

घरी सासूबाईंना मी कारण दिलं नाही. म्हटलं, "आई, हे मला खेळायला आणलंय." त्या थोडा वेळ खोक्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला पेटीची गोष्ट सांगितली. लग्नाआधी त्या पेटी वाजवायच्या. लग्नानंतर बारा वर्षांनी घरात पेटी आली, ती नणंदेच्या गाण्याच्या क्लाससाठी. शिकणाऱ्या मुलीला पुरेल अशी, सिंगल रीडची. नणंदेने वर्षभरात क्लास सोडला आणि पेटी सासूबाईंकडे राहिली. भजनी मंडळात त्या ती घेऊन जायच्या, पण टाळ-मृदंग सुरू झाले की तिचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू यायचा नाही. "बोटं चालायची," त्या म्हणाल्या, "सूर आहे असं धरून चालायचं." मग त्या उठून पोळ्या करायला गेल्या.

पीसी मुलाने आणि मी मिळून घरीच जोडला. जोडणाऱ्यांसाठी तीन गोष्टी सांगून ठेवते, कारण त्या डब्यावर ठळक लिहिलेल्या नसतात. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची. मदरबोर्डाला लावली तरी चित्र येतं, पण मग एवढ्या महागाचं कार्ड रिकामं बसतं. ६०००ची रॅम बायोसमध्ये जाऊन एक्स्पो चालू केल्याशिवाय त्या वेगाने चालत नाही. आणि २४० हर्ट्झचा मॉनिटर विंडोज अनेकदा ६०वरच चालवतं, सेटिंगमध्ये जाऊन तो बदलावा लागतो.

पहिल्या रात्री दिवा बंद केला आणि घोडा घेऊन दलदलीत शिरले. कंदिलाच्या वर्तुळाबाहेर काही नव्हतं. पडद्याची कडही दिसत नव्हती. अंधार खोलीतल्या अंधारात मिसळून गेला होता. मी अर्धा तास कुठलीही मोहीम न करता फिरत राहिले. मुलगा पाणी प्यायला उठला, मागे उभा राहिला आणि म्हणाला, "मी खेळू?" मी म्हटलं, "माझं झालं की." तो झोपायला गेला.

आता कधीकधी सासूबाई येऊन बाजूच्या खुर्चीत बसतात. त्यांना गोष्टीत फार रस नाही, पण घोडा आवडतो. "आधी त्याला खायला घाल," म्हणतात, आणि मी घालते. गेल्या आठवड्यात अशाच बसलेल्या असताना त्यांनी विचारलं, "डबल रीडची पेटी आता केवढ्याला मिळते गं?"

मी विचारलं, "कशासाठी हवी, आई?"

"वाजवायला," त्या म्हणाल्या.

या शनिवारी आम्ही दादरला पेट्या बघायला जाणार आहोत.